दाभोळला उतरणारा शेल गॅस : विहीर बुजवायचे पैसे कोण बाजूला ठेवतं?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी, अंजनवेलच्या बाजूला, वीज प्रकल्प दिसतो. कागदोपत्री नाव कितीदा बदललं तरी आमच्याकडे त्याला अजून एन्रॉनच म्हणतात. त्याच आवारात द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवायचा धक्का आहे. ३० मार्च २०१८ ला तिथे 'मेरिडियन स्पिरिट' नावाचं जहाज लागलं. गेल या सरकारी गॅस कंपनीने अमेरिकेतल्या कंपनीशी केलेल्या २० वर्षांच्या करारातला तो पहिला गॅस. लुइझियानातल्या सबिन पास बंदरातून उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, आकारमान सहाशेपट आक्रसून तो आला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. हा गॅस निघाला कुणाच्या शेताखालून? आणि तिथल्या माणसांचं पुढे काय झालं?

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉम्बे हायला जो गॅस मिळतो तो सच्छिद्र चुनखडीत, वर घट्ट थराचं झाकण असलेल्या जागी साठलेला आहे. तिथे बोअर गेलं की आपल्या दाबाने तो वर येतो. शेल म्हणजे पंकाश्म, चिखलाचा दगड झालेला. गॅस तयार झाला तो त्यातच अडकून बसला, बाहेर पडायला वाटच नाही. म्हणून आधी दीड-दोन किलोमीटर खाली उभं बोअर मारायचं, मग ते हळूहळू आडवं वळवून थरातूनच आणखी दीड-दोन किलोमीटर न्यायचं, आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत सोडून खडकाला भेगा पाडायच्या. वाळूचे कण भेगांत अडकून राहतात आणि त्या मिटू देत नाहीत. हेच फ्रॅकिंग. ही पद्धत व्यापारी तत्त्वावर १९४९ पासून वापरात आहे. पण टेक्सासात फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने जवळजवळ दोन दशकं तोटा सोसून १९९८ च्या सुमारास मुख्यतः पाणी वापरायची स्वस्त कृती बसवली, तिथून पुढे सगळं बदललं. आज अमेरिकेत निघणाऱ्या गॅसपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक शेलचा आहे.

अशा एका गॅसविहिरीला ४० ते ५० लाख गॅलन पाणी लागायचं, आता तर त्याहून जास्त लागतं. म्हणजे दीड ते दोन कोटी लिटर. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीड ते दोन हजार टँकर, एका विहिरीला. मे महिन्यात हंडे लावून टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा आणखी समजावून सांगायला नको. त्यातलं काही पाणी परत वर येतं ते समुद्राहून कितीतरी खारट, आणि काही ठिकाणी त्यात खोल खडकातलं रेडियमही असतं.

हा धागा काढायला निमित्त झालं पुतण्याचं. त्याने विचारलं, काका, गॅसच्या कंपन्यांत पैसे गुंतवावेत का? मी आयुष्यभर पाइपलाइनच्या कामात होतो म्हणून मला कळत असेल अशी त्याची समजूत. मी त्याला सांगितलं, विहीर उघडायला किती पैसे लागतात ते सगळे सांगतात, बंद करायला किती लागतात आणि ते आत्ता कुठे ठेवलेत ते बघ. तो म्हणाला, काका, हे पर्यावरणाचं झालं, मी पैशाचं विचारतोय. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुमचा अनुभव काय सांगतो ते लिहा, विशेषतः बाहेर राहणाऱ्यांनी.

---

चुलीपासून

मी ठाण्यात राहते, घरात पाइपचा गॅस आहे. म्हणजे माझ्या शेगडीत अमेरिकेतला गॅस जळतोय का? २०२२ मध्ये बिल एवढं वाढलं त्याचा याच्याशी संबंध आहे का? अगदी प्राथमिक प्रश्न आहे, पण विचारते.

---

वाशिष्ठीकाठ

@चुलीपासून ताई, प्रश्न प्राथमिक नाही, मुळावर बोट ठेवणारा आहे. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला देशातला गॅस आधी देतात. तो पुरला नाही की आयात केलेला मिसळतात. पाइपमध्ये एकदा मिसळल्यावर कुठला कण कुठला हे सांगता येत नाही. देशाच्या गरजेचा जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोप द्रवरूप गॅसची जहाजं मिळेल त्या भावाने घ्यायला लागला, त्यामुळे सगळ्या जगात भाव चढले. त्याची झळ तुमच्या बिलापर्यंत आली.

---

मोनोंगाहेलाकाठी

धागा वाचून राहवलं नाही. मी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत राहतो. मार्सेलस शेल या गॅसच्या थरातली पहिली यशस्वी विहीर २००४ मध्ये याच काउंटीत झाली. आमच्याकडे नळाचं पाणी नाही, घराची स्वतःची बोअरवेल आहे. पेनसिल्वेनियात ३० लाखांहून अधिक लोक असे खासगी बोअरच्या पाण्यावर जगतात.

भारतातल्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. इथे जमिनीखालचा खनिजहक्क जमीनमालकाचा असू शकतो. आपल्याकडे तेल-वायू सरकारचा. इथे कंपनीचा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतो, भाडेपट्ट्याचा कागद पुढे सरकवतो आणि एकरी अमुक डॉलर आत्ता, गॅस निघाला की किमान एक अष्टमांश रॉयल्टी असं सांगतो. दुधाचा धंदा बसलेला, कर्ज झालेलं, अशा शेतकऱ्याने सही केली तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं शेत त्या पैशावर वाचलं. रस्त्याच्या पलीकडच्या कुटुंबाच्या रॉयल्टीतून मात्र कंपनीने वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च कापून घेतला, काही महिने हातात शंभर डॉलरसुद्धा आले नाहीत. कागद एकाच वर्षी सही केलेले, फरक एका कलमाचा.

पाण्याबद्दल. राज्याच्या ईशान्येला डिमॉक नावाचं छोटं गाव आहे. १ जानेवारी २००९ ला तिथे एका घराच्या पाण्याच्या बोअरचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं, बोअरमध्ये मिथेन साठला होता. राज्याने त्या भागात नव्या गॅसविहिरींना बंदी घातली. कॅबट कंपनी, पुढे तिचं नाव कोटेरा झालं, तिने २०२२ च्या नोव्हेंबरात फौजदारी खटल्यात 'आरोपाला विरोध नाही' असा जबाब दिला आणि गावाला नळपाणी योजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं मान्य केलं. मधे तेरा वर्षं लोकांनी बाटल्यांतलं आणि टाक्यांतलं पाणी प्यायलं. त्या काळात जन्मलेलं मूल सातवी-आठवीत गेलं असेल.

पण इथे एक गैरसमज काढायला हवा. बहुतेकांना वाटतं की खाली पाडलेल्या भेगा वरपर्यंत येतात आणि गॅस पाण्यात शिरतो. मार्सेलस इतका खोल आहे की हे सहसा होत नाही. दोष असतो तो वरच्या शे-दोनशे मीटरमध्ये, केसिंग पाइपच्या, म्हणजे विहिरीला आतून घातलेल्या लोखंडी नळीच्या, बाहेर भरलेल्या सिमेंटमध्ये. सिमेंट नीट बसलं नाही की त्या फटीतून गॅस वर चढतो. ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी २०११ मध्ये डिमॉकच्या परिसरातल्या पाण्याच्या बोअर तपासल्या तेव्हा गॅसविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या बोअरमध्ये मिथेनचं प्रमाण लांबच्या बोअरपेक्षा सरासरीने १७ पट आढळलं. म्हणजे हे टाळता येण्यासारखं आहे, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. सिमेंट सुकायला वेळ द्यायचा, दाब तपासायचा, नाही जमलं तर पुन्हा करायचं, एवढंच आहे. घाईत हेच वगळलं जातं.

घाई का, हे पैशाचं कळणारं कुणी सांगेल तर बरं. मला एवढं माहीत आहे की आमच्या टेकडीवर २००८ ते २०११ रात्रंदिवस दिवे होते आणि शाळेच्या बसला पाण्याचे ट्रक जाईपर्यंत थांबावं लागायचं. सुरुवातीला तर ते खारट पाणी शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांतून नदीत सोडत. हे प्रकल्प मीठ काढण्यासाठी बांधलेलेच नाहीत. २०११ च्या एप्रिलमध्ये राज्याने कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं, तोवर मोनोंगाहेला नदीचं पाणी पिणाऱ्यांनी ते प्यायलं होतं.

मी स्वतः एक शहाणपण केलं ते सांगतो. गॅसविहीर खणायच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून बोअरचं पाणी तपासून घेतलं, अहवाल जपून ठेवला. २०१२ च्या कायद्याने विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा असं धरून चालतात. पण 'पाणी आधीपासूनच असं होतं' हे कंपनीने दाखवलं की ते गृहीतक पडतं. शेजाऱ्याकडे आधीचा अहवाल नव्हता. त्याचं पाणी गढूळ झालं, आणि सिद्ध काहीच करता आलं नाही.

---

ताळेबंद

@मोनोंगाहेलाकाठी, घाईचं कारण तुमच्याच टेबलावरच्या कागदात होतं. भाडेपट्टा साधारण तीन ते पाच वर्षांचा. त्या मुदतीत विहीर होऊन गॅस निघाला तरच पट्टा पुढे टिकतो, नाहीतर जमीन हातची जाते. म्हणून भाव पडलेला असतानाही कंपन्या विहिरी पाडत राहिल्या. सगळ्यांनी एकाच वेळी तेच केलं आणि बाजारात गॅसचा पूर आला. हेन्री हब हा तिथला मुख्य भाव. २००८ च्या मध्यात तो दर दहा लाख बीटीयूला (उष्णता मोजायचं एकक) १३ डॉलरवर होता, एप्रिल २०१२ मध्ये २ डॉलरच्या खाली आला.

आता दुसरी गोष्ट. शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त घसरतं. बॉम्बे हायसारखं क्षेत्र दशकानुदशकं देत राहतं, तसं हे नाही. कालचं उत्पादन राखायला आज नवी विहीर हवी, त्यासाठी नवं कर्ज हवं. चांगल्या वर्षातही नफा जमिनीतच परत जातो. नुसती उत्पादनवाढीची टक्केवारी पाहून शेअर घेणाऱ्यांना हा हिशोब दिसला नाही.

आकडे देतो, कारण याबाबत पुष्कळ स्वप्नं विकली गेली. बीएचपी या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीने २०११ मध्ये दोन सौद्यांत जवळपास १७ अब्ज डॉलर देऊन अमेरिकी शेल घेतलं, नंतर विहिरींवर आणखी खर्च केला, आणि २०१८ मध्ये सगळं १०.८ अब्जांना विकलं. एक्झॉनने २०१० मध्ये एक्सटीओ ही गॅस कंपनी कर्जासकट सुमारे ४१ अब्जांना घेतली, २०२० च्या अखेरीस एका तिमाहीत १९ अब्जांहून अधिक मूल्य पुस्तकातून कमी करावं लागलं. चेसापीक ही शेलची सगळ्यात गाजलेली कंपनी, तिने २०२० च्या जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भागधारकांचं भांडवल पुसलं गेलं, कंपनी मात्र पुन्हा उभी राहिली आणि २०२४ पासून वेगळ्या नावाने चालते आहे.

आपल्या घरचं उदाहरण. रिलायन्सने २०१० मध्ये एकापाठोपाठ एक तीन भागीदाऱ्या केल्या. मार्सेलसमध्ये ॲटलसबरोबर सुमारे १.७ अब्ज डॉलरची, कॅरिझोबरोबर सुमारे ३९ कोटी डॉलरची, आणि टेक्सासच्या ईगल फोर्डमध्ये पायोनियरबरोबर. कॅरिझोबरोबरचा हिस्सा २०१७ मध्ये सुमारे साडेबारा कोटी डॉलरना विकला. ॲटलसकडचा, जो पुढे शेवरॉनकडे गेला होता, तो २०२१ मध्ये २५ कोटींना. त्याच वर्षी ईगल फोर्डही सोडलं. ईगल फोर्डच्या पाइपलाइनचा व्यवसाय मात्र २०१५ मध्ये पायोनियरसह २ अब्जांहून अधिक किमतीला विकला होता. लक्षात घ्या, पैसा विहिरीपेक्षा पाइपमध्ये मिळाला. पाइपवाला वाहतुकीचं भाडं घेतो, भाव पडल्याचा धक्का त्याला उशिरा बसतो.

गेलच्या करारातही हेच दिसतं. वर्षाला ३५ लाख टन गॅस, भाव हेन्री हबच्या ११५ टक्के अधिक ३ डॉलर. हेन्री हब ३ असेल तर ६.४५, वर जहाजाचं भाडं वेगळं. ते ३ डॉलर द्रवीकरण करणाऱ्या कंपनीचे ठरलेले. शेतात निघणारा गॅस स्वस्त असला तरी दाभोळला पोचेपर्यंत तो स्वस्त राहत नाही. २०२० मध्ये खुल्या बाजारात तयार गॅस याहून स्वस्त मिळत होता, २०२२ मध्ये हाच करार सोन्यासारखा ठरला. वीस वर्षांच्या करारात अशी वर्षं दोन्ही बाजूंची येणार, एका वर्षावरून कुणाला शहाणं किंवा मूर्ख ठरवू नये.

हा शेअर घ्या किंवा विका असा सल्ला नाही. पुतण्याला मी एवढंच सांगेन की वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये विहिरी बंद करण्याची तरतूद शोध. तिथे किती वर्षांनंतरचा खर्च धरलाय आणि कुठल्या व्याजदराने तो आजच्या किमतीत आणलाय ते बघ. दर थोडा चढवला की देणं कागदावर निम्मं दिसतं. जमिनीतलं भोक तेवढंच राहतं.

---

कोळसापट्टा

सगळं वाचलं. पण मी चंद्रपूरचा आहे, आणि मला हे थोडं दुरून बोललेलं वाटतं. आमच्याकडे २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. खाणींची धूळ वेगळी. माझ्या आईला वीस वर्षं दमा आहे. गॅस जाळला तर राख नाही, गंधक जवळपास नाही, कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या साधारण निम्मा. आणि तिकडे तुमच्या दाभोळच्या रत्नागिरी प्रकल्पाची १,९६७ मेगावॉटची यंत्रं परवडणारा गॅस नाही म्हणून बहुतांश बसून राहतात. पेनसिल्वेनियातल्या माणसाचं पाणी महत्त्वाचं, मान्य. आमची फुप्फुसं त्या तराजूत कुठे आहेत? गॅस वाईट म्हणायचा तर त्याच दमात कोळशाचं नाव घ्यावं लागेल.

---

चुलीपासून

+१. माझं माहेर बल्लारपूर. हे खरं आहे.

---

बेसॉल्ट

@कोळसापट्टा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

जाळण्याच्या टप्प्यावर गॅस नक्कीच बरा. प्रश्न जाळण्याआधी गळणाऱ्या गॅसचा आहे. मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरतो. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मोजणीत अमेरिकेच्या एकूण उत्पादनाच्या २.३ टक्के मिथेन गळतो असं निघालं, सरकारी अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. वीजनिर्मितीत ही गळती साधारण ३ टक्क्यांच्या वर गेली की जवळच्या काळात हवामानापुरता कोळशावरचा फायदा संपतो. त्यावर द्रवीकरण आणि अर्ध्या पृथ्वीचा जलप्रवास. म्हणजे झाकणं, व्हॉल्व्ह आणि सांधे नीट राखले तर गॅस कोळशापेक्षा चांगला, नाही राखले तर हवामानाला फरक नाही. राखेच्या बाबतीत तुमच्या आईला मात्र फरक नक्की पडेल. या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवायचा मोह मी टाळतो.

भारतात हे कितपत होईल? महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा आहे, थिजलेल्या लाव्हाचा. त्यात सेंद्रिय गाळ नाही, त्यामुळे त्या खडकात शेल गॅस नाही. गुजरातचं खंबातचं खोरं, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर इथे शक्यता सांगितल्या गेल्या. ओएनजीसीने २०११ च्या जानेवारीत दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेलमधून गॅस काढून दाखवला, २०१३ मध्ये धोरण आलं. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने त्याच वर्षी भारतात ९६ ट्रिलियन घनफूट काढता येण्याजोगा शेल गॅस असल्याचा अंदाज दिला. आजवर व्यापारी उत्पादन नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, तशी ही गोष्ट. पोलंडमध्येही २०११ चा असाच मोठा अंदाज पुढच्याच वर्षी त्यांच्या भूशास्त्र संस्थेने फार खाली आणला, आणि एक्झॉन, शेवरॉन दोघंही निघून गेले.

आपल्याकडे चाललाय तो कोळशाच्या थरातला मिथेन. राणीगंजला २००७ पासून, मध्य प्रदेशात शहडोलकडे सोहागपूरला २०१७ पासून. इथे खडक फार फोडावा लागत नाही. थरातलं पाणी उपसायचं, दाब कमी झाला की कोळशाला चिकटलेला गॅस सुटतो. पाणी आत घालण्याऐवजी बाहेर काढायचं, एवढा फरक, आणि त्या पाण्याचं काय करायचं हा नवा प्रश्न.

भूकंपाबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगतो. ओक्लाहोमात २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा धक्का बसला. तिथे कारण फ्रॅकिंगपेक्षा वर आलेलं खारट पाणी खोल विहिरींत परत कोंबणं हे होतं. इंग्लंडमध्ये मात्र ब्लॅकपूलजवळ फ्रॅकिंगमुळेच २०१९ च्या ऑगस्टमध्ये २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारने ते थांबवलं.

---

काळी माती

उशिरा आले. मी मूळची अकोल्याची, आता ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये डॅल्बीजवळ शेतीसल्लागार म्हणून काम करते. इथली डार्लिंग डाउन्सची जमीन पाहिली तेव्हा पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं. तीच काळी, भेगाळणारी, कापसाची माती.

हिच्या खाली सुरतचं खोरं आहे. आपलं सुरत नव्हे, इथलं. त्यात कोळशाचा मिथेन. २०१४ च्या अखेरीपासून ग्लॅडस्टनच्या कर्टिस बेटावरून तो द्रवरूपात बाहेर जाऊ लागला, कोळशातल्या वायूपासून असं जगात पहिल्यांदाच झालं. तीन कंपन्यांनी शेजारी शेजारी तीन वेगवेगळे प्रकल्प बांधले, आणि बांधकामाचा खर्च सगळ्यांचाच अंदाजाबाहेर गेला.

शेतकऱ्याच्या बाजूने सांगते. कोळशातलं पाणी उपसलं की वरच्या जलधरातलं, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरातलं, पाणीही हळूहळू खाली उतरतं. शेतकऱ्याच्या बोअरची पातळी घसरली तर कंपनीने भरपाई करायची, बोअर खोल करून द्यायची किंवा दुसरी द्यायची असा इथला कायदा आहे. हे चांगलं आहे आणि बरेचदा पाळलंही जातं. पण जमीन खचते त्याचं काय? काही सेंटिमीटरच. शहरात कुणाला कळणारही नाही. आमची शेतं लेझर लावून सपाट केलेली, पाटाचं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईल एवढाच उतार ठेवलेला. तो उतार मधे बदलला की पाणी साचतं, आणि काळ्या मातीत साचलं की कपाशी पिवळी पडते. विदर्भातल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नासाठी मात्र चिंचिलाची गोष्ट सांगते. आमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे लिंक एनर्जी नावाची कंपनी भूमिगत कोळसा जागेवरच जाळून त्याचा वायू बनवत होती. खडकाला तडे गेले, वायू आजूबाजूच्या मातीत शिरला. सरकारने सुमारे ३२० चौरस किलोमीटर भागात दोन मीटरपेक्षा खोल खणायला बंदी घातली. शेतकऱ्याला आपल्याच शेतात खांब रोवायचा तरी विचार करायची पाळी. २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१८ मध्ये न्यायालयाने तिला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. भरणार कोण? कंपनीच उरली नव्हती. राज्याने हे तंत्रच बंद केलं आणि कंपनीमागच्या माणसांना जबाबदार धरणारा कायदा केला, पण तो चिंचिला झाल्यावर.

---

वाशिष्ठीकाठ

@काळी माती, मनापासून आभार. मला जे सांगायचं होतं ते तुम्ही एका गावात दाखवलंत.

अमेरिकेतही तेच. केंद्र सरकारच्या जमिनीवर विहीर पाडायची तर भाडेपट्ट्यामागे विहीर बुजवण्याची किमान हमी रक्कम १०,००० डॉलर. ही रक्कम १९६० मध्ये ठरली आणि २०२४ पर्यंत तशीच होती. त्या वर्षी ती १,५०,००० केली. या दरम्यान वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळसा-मिथेनच्या कंपन्या बुडाल्या आणि हजारो विहिरी राज्याच्या गळ्यात पडल्या. २०२१ च्या कायद्याने बेवारस विहिरी बुजवायला ४.७ अब्ज डॉलर दिले, करदात्यांचे. नफा ज्याने घेतला त्याने तेव्हाच बाजूला ठेवायला हवे होते ते हे पैसे.

@कोळसापट्टा, तुमच्या आईंना दमा आहे तर तुम्हाला गॅस हवासा वाटणारच, आणि मी त्याच्या विरोधात नाही. माझी मागणी एवढीच की गॅसच्या भावात विहीर बुजवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. मग तो महाग होईल तेवढा होऊ दे. त्या भावातही तो कोळशाला सरस ठरला तर आनंदच आहे.

---

ताळेबंद

आणि तसा धरलेला असेल तर गुंतवणूकदारालाही बरं. लपलेलं देणं शेवटी भागधारकाच्याच वाट्याला येतं.

---

कोळसापट्टा

हे पटलं. पण मग एक विचारतो. कोळसा मंत्रालयाने २०२४ च्या जूनमध्ये झारखंडात, जामतारा जिल्ह्यातल्या कास्ता इथे भूमिगत कोळसा-वायूकरणाचा पहिला प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आहे. चिंचिलाला जे केलं तेच तंत्र ना? तिथे प्रयोग जमला तर आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचाही विचार उद्या होईल.

---

बेसॉल्ट

तंत्र तेच. खोली, खडक, दाब यांवर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे परिणाम तसाच होईल असं म्हणता येणार नाही. मात्र भूजलातला दाब कोळसा जळून झालेल्या पोकळीतल्या दाबापेक्षा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे वायू बाहेर न जाता पाणी आत येतं. चिंचिलाला हेच पाळलं गेलं नाही. कास्त्याला आधी भूजलाची किती ठिकाणी, किती दिवस नोंद घेतली, ते विचारायला हवं.

---

मोनोंगाहेलाकाठी

आधीच्या नोंदीचा आग्रह धराच. माझा शेजारी तिथेच अडला होता.

---

कोळसापट्टा

माहिती अधिकारात अर्ज करतो. नेहमीचा वीजमंडळाला करतो तसाच, यावेळी कोळसा मंत्रालयाला. प्रश्न असे लिहिलेत, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

१. कास्ता प्रायोगिक प्रकल्पापूर्वी परिसरातल्या किती विहिरी व बोअरच्या पाण्याची तपासणी झाली? अहवालांच्या प्रती.
२. वायूकरणाच्या पोकळीतील दाब आणि भूजलाचा दाब यांच्या नोंदी कोण ठेवतं?
३. प्रकल्प संपल्यावर पोकळी थंड करणं, विहिरी बुजवणं आणि पाण्यावर देखरेख यासाठी किती रक्कम, कुणाच्या नावे ठेवली आहे?

---

काळी माती

तिसऱ्या प्रश्नात 'किती वर्षांसाठी' हे शब्द घाला. आणि पाण्याच्या तपासणीत बेंझीन व फिनॉल घेतले होते का ते पहिल्या प्रश्नात वेगळं विचारा. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ते दोन्ही येतीलच असं नाही.

---

कोळसापट्टा

घातलं. सोमवारी टपालात टाकतो. उत्तर आलं की याच धाग्यावर लावेन.